नाण्यांवरील रंग : स्वाभाविक व कृत्रिम

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या वस्तुप्रदर्शनांत जुन्या नाण्यांसाठीं एक मेज राखून ठेविलें होतें. सातव्या इयत्तेंतील एका विद्यार्थ्यानें आपल्या आजीच्या पेटींतील सन १८६२ चा व्हिक्टोरिया राणीचा रुपया आणिला. तो उठून दिसावा म्हणून आदल्या रात्रीं त्यानें चिंच व रांगोळी लावून तो लखलखीत घासला होता. मेजावर तो चकाकत होता खरा. परंतु नाण्यांचा नाद असलेल्या एका पाहुण्यांनीं भिंगांतून तो क्षणभर पाहिला व कांहीं न बोलतां खालीं ठेविला. त्या मुलास कारण समजलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर आम्हां शिक्षकांपैकींही पुष्कळांना तें समजलें नव्हतें. तें येथें थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

चांदी गंजत नाहीं असें आपण म्हणतों, तें लोखंडाच्या मानानें. हवेंतील प्राणवायूचा चांदीवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाहीं. गंधकाशीं मात्र तिचें फार सख्य आहे. हायड्रोजन सल्फाइड हा वायु हवेंत अत्यल्प प्रमाणांत असतो. शिवाय लोंकर, रबर, कांहीं जातींचे कागद व पुठ्ठे यांतूनही गंधकाचीं संयुगें बाहेर पडतात. त्यांचा चांदीशीं संयोग होऊन नाण्यावर सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा धरतो. हा पापुद्रा म्हणजे बाहेरून येऊन बसलेली धूळ नव्हे, हें नीट ध्यानांत घ्यावें. नाण्याच्या पृष्ठभागावरील चांदीच त्यांत रूपांतर पावलेली असते. पूर्वींच्या रुपयांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी व एक भाग तांबें असे (१९४० पासून चांदी निम्म्यावर आली), त्यामुळें तांब्याचाही थोडा वांटा या थरांत असतो.

आरंभीं या पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या कांहीं पटच असते. त्याच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही पृष्ठांवरून परावर्तन पावणारे किरण एकमेकांत मिसळतात, आणि जाडीप्रमाणें कांहीं रंग लोपून बाकीचे डोळ्यांस दिसतात. पावसाळ्यांत रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जे रंग आपण पाहतों, ते याच प्रकारचे. म्हणूनच त्यांस क्रम आहे. प्रथम फिकट पिवळा, मग सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा. पुढें कांहीं छटा फिरून येतात, आणि थर फार जाड झाला म्हणजे काळा.

या रंगांचें कौतुक अमेरिकेंत विशेष आहे. तेथें मॉर्गन डॉलर नांवाचीं चांदीचीं नाणीं १८७८ ते १९०४ व पुन्हा १९२१ सालीं पाडण्यांत आलीं. त्यांपैकीं लक्षावधि नाणीं, दर पिशवींत एक हजार याप्रमाणें, जाड कापडी पिशव्यांत भरून सरकारी तिजोऱ्यांत अनेक दशकें पडून होतीं. कापडास टेकलेल्या नाण्यांवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटले. जेथें दुसरें नाणें आड आलें होतें, तेथें चंद्रकोरीएवढा भाग पांढराच राहिला. क्वचित् कापडाची वीणही रंगांत उमटलेली दिसते. अशा नाण्यास साध्या नाण्याच्या कित्येक पट मोल येतें. आणि जेथें मोल तेथें नक्कल आलीच. कोणी नाणें तापवितो, कोणी त्यास गंधकाच्या द्रावणाची वाफ देतो, कोणी तें उकडलेल्या अंड्याबरोबर डबींत कोंडून ठेवितो. वर्षांचें काम तासांत उरकतें.

मग खरा रंग ओळखावा कसा? स्वाभाविक रंग वर सांगितलेल्या क्रमानें एकांतून दुसऱ्यांत विरघळत जातो. बहुधा कडेला गडद व मध्याकडे फिकट असतो, आणि त्याच्याखालीं नाण्याचें मूळ तेज हलतांना दिसतें. उठावाच्या अक्षरांच्या कडेशीं तो किंचित् बदलतो. कृत्रिम रंगांत पांढऱ्या चांदीच्या शेजारींच, मध्यें पिवळ्याची पायरी नसतां, एकदम निळा येतो. किंवा घासल्याच्या ओरखड्यांत रंग भरलेला दिसतो. दुसरी खूण मला अधिक भरंवशाची वाटते. कारण ओरखड्यावर रंग चढला आहे, याचा अर्थ ओरखडा आधीं व रंग मागाहून. तथापि कबूल केलें पाहिजे कीं, दोन्ही ठिकाणीं तयार होणारा पदार्थ एकच आहे. रसायनशास्त्रास माणसाचा हेतु कळत नाहीं. त्यामुळें कांहीं नाण्यांच्या बाबतींत जाणत्या परीक्षकांचेंही एकमत होत नाहीं.

आतां घासण्याविषयीं. ठशाच्या दाबाखालीं नाण्याची धातु मध्यापासून कडेकडे वाहते व तिच्यावर अतिसूक्ष्म रेषा उठतात. कोरें नाणें दिव्याखालीं फिरविलें असतां चाकाच्या आऱ्यांसारखा जो प्रकाश फिरतो, तो या रेषांमुळें. रांगोळी, राख, दंतमंजन किंवा टूथपेस्ट यांच्या कणांनीं त्या मोडतात व त्यांच्या जागीं भलत्याच दिशांचे ओरखडे येतात. सराफी दुकानांतील द्रावणांत बुडविल्यास ओरखडे येत नाहींत हें खरें. पण थराबरोबर त्यांत गेलेली चांदीही जाते, आणि वारंवार बुडविलेलें नाणें निस्तेज होतें. ॲल्युमिनियमचा पत्रा व खाण्याचा सोडा यांच्या योगानें सल्फाइडची पुन्हा चांदी होते. मात्र ती पूर्वींच्या घडणीची नसते. ताटवाट्यांस हा उपाय ठीक आहे.

पृष्ठभाग एवढा जपावा कां, याचें उत्तर आपल्याच नाशिक जिल्ह्यांत आहे. १९०६ सालीं जोगळटेंभी येथें क्षत्रप नहपानाचीं तेरा हजारांहून अधिक चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपले ठसे मारलेले होते. खालीं नहपानाचा मुखवटा व वर सातवाहनांचें चैत्यचिन्ह, असा एका सत्तेवर दुसरी चढल्याचा पुरावा त्या चिमुकल्या नाण्यांवर आहे; आणि खालचा ठसा कित्येकदां अगदीं पुसट रेषेएवढाच उरलेला असतो. तीं कोणी उत्साहानें घासलीं असतीं तर काय झालें असतें, याची कल्पना करावी. जमिनींत सांपडलेला असा ठेवा १८७८ च्या निखातनिधि कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांस कळवावा लागतो. तो मातीसकट द्यावा, धुवून नव्हे.

स्वच्छता सर्वस्वीं वर्ज्य आहे असें नाहीं. सैल माती ऊर्ध्वपातित पाण्यांत भिजवून सुटते. प्लॅस्टिकच्या पीव्हीसी जातीच्या पाकिटांतून आलेला हिरवा चिकट ओशटपणा शुद्ध ॲसिटोननें, न चोळतां, जातो. पण तें फार लवकर पेटतें, म्हणून मुलांनीं तें हाताळूं नये. तांब्याच्या शिवराईवरील तपकिरी थर तिचें संरक्षणच करितो, तो काढूं नये. मात्र तांब्यावर फिकट हिरवी भुकटी सुटूं लागली, तर तो क्लोराइडचा रोग होय. तें नाणें इतरांपासून वेगळें करून जाणकारास दाखवावें. नाणें नेहमीं कडेनें धरावें. रबराचे पट्टे, वर्तमानपत्राचे कागद व लोंकरी कापड जवळ ठेवूं नयेत.

त्या विद्यार्थ्याचा रुपया आतां साध्या, आम्लविरहित कागदाच्या पाकिटांत ठेविला आहे. वर्षभरांत त्याच्या कडेला पिवळसर छटा येऊं लागली आहे. भिंगाखालीं ओरखडे पूर्वींसारखेच दिसतात.