पालापाचोळा जाळू नका, कुजवा



जव्हार तालुक्यातील आमच्या वसतिगृहाच्या आवारात साग, आंबा व फणसाची झाडे आहेत. उन्हाळ्याच्या तोंडावर पानांचा खच पडतो. कित्येक वर्षे आम्ही तो झाडून जाळत होतो. एकदा मुलीला सोडायला आलेले एक वारली बाबा धूर पाहून म्हणाले, "ताई, आम्हाला सांगता राब भाजू नका, आणि इथं तुम्हीच भाजता?" मला उत्तर देता आले नाही.

राब भाजण्यामागे कारण तरी आहे. रोपाच्या जागेवरचे तण मरते व राख मिळते. आमच्या आगीला तेवढेही कारण नव्हते. पाने जळली की त्यांतील बहुतेक नत्र धुरावाटे जाते. तीच पाने कुजवली तर मातीला अन्न मिळते आणि माती ओलही धरून ठेवते.

तेव्हापासून आम्ही खत करतो. सावलीत, पाणी साचणार नाही अशी सुमारे 1 मीटर लांब-रुंद जागा घ्यावी. तळाशी काटक्या पसराव्यात. त्यावर 3 घमेली वाळकी पाने, 1 घमेले हिरवे गवत किंवा भाजीची देठे, असे थर द्यावेत. प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडावा. ढीग कमरेइतका झाला की गोणपाटाने झाकावा. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. दर 15 दिवसांनी ढीग खालीवर करावा. आत ऊब लागली, तर काम नीट चालले आहे असे समजावे.

पहिल्या पावसाळ्यात आमची चूक झाली. कापलेले ओले गवत नुसतेच रचले. हवा कोंडली आणि घाण वास सुटला. वाळकी पाने मिसळल्यावर तो गेला. सागाची पाने जाड असतात, ती चुरून घालावीत. बी धरलेले गवत टाकू नये. उरलेली पाने वांगी-मिरचीच्या बुंध्याशी पसरावीत, म्हणजे पाणी कमी लागते.

फेब्रुवारीत रचलेला ढीग जूनपर्यंत काळा, भुसभुशीत होतो. गेल्या जूनमध्ये ते बाबा पुन्हा आले. मूठभर खत हातात घेऊन वास घेतला आणि एक गोणी मागून नेली. राब त्यांनी अजून सोडलेला नाही. पण आता त्यांच्याशी बोलताना माझी मान खाली जात नाही.

आपल्या अंगणात किंवा चर्चच्या आवारात काडी ओढण्याआधी एक कोपरा या ढिगासाठी राखून पाहा.