लिहायचं कशावर? रोज हाताखालून जातं त्यावर

गटाच्या बैठकीत आम्ही कुणाला म्हटलं, "ताई, रेडिओसाठी काहीतरी लिहा," की उत्तर ठरलेलं असतं: "आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय आहे? चूल, शेत, पोरंबाळं. तेच ते!" आज आपण या 'तेच ते'बद्दलच बोलू. मराठीतलं कितीतरी मोलाचं लेखन त्यातूनच आलं आहे.

बहिणाबाई चौधरींचंच बघा. त्यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोद्याचा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरुणपणीच नवरा गेला, तरी शेती आणि संसार ओढला. दळताना, शेतात राबताना त्यांना गाणी सुचत. सुगरणीचा खोपा आपण सगळ्याच बघतो. त्यांनी तो थांबून बघितला आणि मनात प्रश्न आला: एवढ्याशा चोचीनं पाखरू हे करतं, मग हात असलेल्या माणसानं किती करावं? पिकात शिरणारं गुरू हाकलताना त्यांना माणसाचं मन आठवलं. सुचणं म्हणजे हेच. नेहमीची गोष्ट नीट बघायची, आणि ती कशासारखी आहे, ती अशी का आहे, हे स्वतःला विचारायचं.

पण सुचलेलं टिकवावंही लागतं. बहिणाबाईंची गाणी मुलानं, कवी सोपानदेवांनी, आणि घरातल्या माणसांनी उतरवून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. लिहून ठेवलं म्हणून ते आज आपल्या हातात आहे.

आपल्या आज्या-पणज्यांनीही जात्यावर आईची, भावाची, सासुरवासाची ओवी गायली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून खेडोपाडीच्या अशा १ लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. गिरणी आली, कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण जात्यापाशी मन मोकळं करायची जागाही गेली. आता ती जागा आपल्यालाच करावी लागेल.

लिहायचं ते गोडच हवं, असंही नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान सांभाळता सांभाळता, घरच्यांपासून लपवून लिहीत. महारवाड्यातली भूक, बाळंतपणाचे हाल, सुनांचा छळ आणि बाबासाहेबांमुळे आलेली हिंमत, हे सगळं त्यांनी 'जिणं आमुचं'मध्ये मांडलं. त्यांनी लिहिलं नसतं, तर त्या बायांचं जगणं कुणाला कळलं असतं?

मग सुरुवात कुठून करायची? गटाची वही उघडा. त्यात एक ओळ असेल: 'शेळीसाठी कर्ज, ५००० रुपये.' हिशेब तिथं संपतो, गोष्ट तिथून सुरू होते. कर्ज घ्यायला घरात कुणाची समजूत काढावी लागली? शेळी कुणी निवडली? पहिलं करडू झालं तेव्हा कोण हसलं? पहिले पैसे हातात आले, तेव्हा तिनं काय घेतलं?

रोज एकच गोष्ट टिपा. नळावर कानावर पडलेलं वाक्य बोलणारीच्या शब्दांत जसंच्या तसं ठेवा. 'शुद्ध' करायला जाऊ नका, आपली बोली हीच त्याची चव. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर बोलून ठेवा, नाहीतर लेकीला, नातीला सांगा, ती लिहील. एक मात्र पाळा. मैत्रिणीनं विश्वासानं सांगितलेलं दुःख तिला विचारल्याशिवाय लिहू नका. ती हो म्हणाली, तरी नाव घालायचं की नाही, हे तिलाच ठरवू द्या.

पुढच्या बैठकीला बचतीच्या पैशांबरोबर प्रत्येकीनं अशी एक टिपलेली गोष्ट आणा. हिशेब झाला की दहा मिनिटं ती एकमेकींना वाचून दाखवा. आमच्यापर्यंत पोचवलीत तर आम्ही ती रेडिओवर, तुमच्याच आवाजात ऐकवू.