वेग मिळाला, भरवसा उशिरा

जॉन हॉलंड यांचं पुस्तक १९७५ साली आलं. निवड, संकर आणि उत्परिवर्तन यांच्या आधारे यंत्राने उत्तरं शोधायची, ही त्यातली कल्पना. खुद्द सॉफ्टवेअरचा वेग तिच्या हाती सोपवायला मात्र आणखी वीसेक वर्षं गेली.

तिचा सर्वांत चिवट नमुना पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे. जर्मनीतल्या फ्रायबेर्गच्या खाणकाम विद्यापीठात वीजजाळ्याच्या देखभालीसाठी एक प्रणाली उभी राहत होती. तिच्या क्वेरींमध्ये इतकी टेबलं जोडावी लागत, की कोणतं आधी आणि कोणतं नंतर हे ठरवतानाच डेटाबेसची दमछाक होई. मार्टिन उटेश यांनी हा प्रश्न फिरत्या विक्रेत्याच्या, म्हणजे सगळी शहरं कोणत्या क्रमाने घेतली तर प्रवास सर्वांत कमी होईल या, कोड्यासारखा मांडला. टेबलांचा क्रम म्हणजे गुणसूत्र, आणि ज्याचा अंदाजित खर्च कमी तो टिकणार. १९९७ च्या सुमारास पोस्टग्रेसमध्ये आलेला हा भाग आजही तिथे आहे. बारा टेबलांपासून तो कामाला लागतो. डेटाबेस सांभाळणाऱ्यांना खटकायचा तो यादृच्छिक शोधातून येणारा त्याचा लहरीपणा: तीच क्वेरी आज झटपट, उद्या रेंगाळत. २०१० च्या ९.० आवृत्तीत यादृच्छिकतेचं बीज पक्कं करण्याची सोय झाली, तेव्हा कुठे ही तक्रार निवळली.

२००५ मध्ये जेक मॉयलानेन यांनी लिनक्स कर्नलच्या शेड्युलरची, म्हणजे कोणतं काम कधी चालवायचं हे ठरवणाऱ्या भागाची, सेटिंग्ज अशीच चालत्या यंत्रावर उत्क्रांत होऊ देण्याचा प्रस्ताव मांडला. मुख्य कर्नलने तो स्वीकारला नाही, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. थोड्याशा वेगासाठी आपल्या सर्व्हरवर रात्रंदिवस प्रयोग चालू द्यायला कोण तयार होईल?

मग पाळी आली थेट कोडची. २००९ च्या जेनप्रोग या प्रणालीने चाचण्या पास होईपर्यंत प्रोग्रॅममध्ये फेरफार करून बग काढायला सुरुवात केली. यादी क्रमाने लावणारा एक बिघडलेला प्रोग्रॅम त्याच्याकडे आला. जेनप्रोगने यादीच रिकामी करून टाकली! रिकाम्या यादीत क्रम चुकणार कसा? दुसऱ्या एका वेळी त्याने ज्या फाइलशी उत्तर ताडून पाहायचं तीच उडवली. लबाडी म्हणावी, तर त्याने सांगितलेलंच केलं होतं. ढिसाळ होती ती चाचणी.

२०१५ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या लँगडन आणि हार्मन यांनी बोटाय-२ हे डीएनए जुळवणारं, सुमारे ५०,००० ओळींचं सॉफ्टवेअर घेतलं. त्याचा कोड असाच उत्क्रांत केल्यावर ठरावीक प्रकारच्या डेटावर ते सरासरी सत्तरपट वेगवान झालं. दुसऱ्या डेटावर तोच वेग मिळेल, असा अर्थ मात्र त्यातून निघत नव्हता.

मे २०२५ मध्ये गूगलने अल्फाइव्हॉल्व्ह जाहीर केलं. इथे उत्परिवर्तन सुचवतं ते भाषा-मॉडेल. डेटा सेंटरमध्ये कामं वाटण्यासाठी त्याने शोधलेल्या नियमामुळे गूगलच्या एकूण संगणनक्षमतेपैकी सरासरी ०.७ टक्के वाया जायची वाचली. डीप रीइन्फोर्समेंट लर्निंगने काढलेला पर्यायही समोर होता. तरी निवड याची झाली. कामगिरी सरस होतीच, शिवाय नियम छोटा, आणि इंजिनियरांना वाचून तपासता येण्यासारखा होता.