पाकिटाच्या पोटातली अक्षरं

तिकीट जमवणाऱ्यांची नजर पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यावर खिळलेली असते. अमेरिकेच्या जुन्या मुद्रांकित पाकिटांचा निम्मा इतिहास मात्र कागदाच्या आत असतो. पाकिटावरचा छापील शिक्का चौकोनी कापून वहीत डकवणारा हौशी हा इतिहास केराच्या टोपलीत टाकतो.

ही पाकिटं १८५३ मध्ये आली. कंत्राट न्यूयॉर्कच्या जॉर्ज नेस्बिट यांचं. गडी पक्का धंदेवाला! पाकिटाच्या झाकणावर स्वतःच्या नावाची मोहोर उठवून त्यांनी फुकटात जाहिरात उरकली. टपाल खात्याने ती बंद करायला लावली. खात्याची स्वतःची खूण मात्र जलचिन्ह म्हणून कागदातच होती : ‘पीओडी’ आणि ‘यूएस’, म्हणजे पोस्ट ऑफिस डिपार्टमेंट, युनायटेड स्टेट्स. नेहमीच्या अमेरिकी तिकिटांच्या कागदात जलचिन्ह यायला मात्र १८९५ उजाडलं.

जलचिन्ह उमटतं ते असं : ओला लगदा जाळीवर निथळत असताना त्यावरून तारेची नक्षी बसवलेला रूळ फिरतो. तारेखालचा कागद विरळ होतो आणि उजेडासमोर तेवढी अक्षरं फिकी दिसतात. रेघांच्या कागदात बारीक समांतर रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या साखळीरेषाही असतात. नवखा माणूस त्यांनाच चिन्ह समजतो.

पाहायची सुरुवात उघड्या झाकणापासून करावी, कारण तिथे कागद एकपदरी असतो. पुढची-मागची बाजू एकत्र उजेडात धरली की दोन्हीकडची अक्षरं एकमेकांत मिसळतात. त्यापेक्षा रिकाम्या पाकिटात चपटा छोटा दिवा सरकवावा. पाकिटाचा साचा कागदावर बहुधा तिरका ठेवून कापलेला, म्हणून अक्षरंही तिरपी; उलट बाजूने ती आरशातल्यासारखी दिसतात. कधी अक्षराचा एखादाच पाय हाती लागतो. आपल्याकडच्या १८५४ च्या तिकिटांचंही तसंच : ईस्ट इंडिया कंपनीचं मानचिन्ह अख्ख्या तावावर पसरलेलं, त्यामुळे एका तिकिटाच्या वाट्याला त्याचा जेमतेम तुकडा येतो. तिकिटांतलं जलचिन्ह पाहायला काळी थाळी आणि बेंझिन वापरतात, पण पाकिटाला ते लावूच नये असं माझं मत आहे. पत्त्याची शाई आणि रबरी शिक्के फुटायची भीती असते.

एवढा खटाटोप कशाला? पाकिटांची कंत्राटं साधारण चार वर्षांची असत आणि नव्या कंत्राटाबरोबर बहुधा चिन्हही बदले. विसाव्या शतकातल्या अनेक चिन्हांत तर सालच आहे. अर्थात ‘१९११’ दिसलं म्हणून पत्र १९११ मध्येच गेलं असं नाही. ते साल कंत्राटाचं, आणि पाकीट टेबलाच्या खणात वर्षानुवर्षं पडून राहू शकतं. उलटं मात्र होत नाही. टपालाच्या शिक्क्यावरची तारीख चिन्हातल्या सालाच्या आधीची निघाली, तर काहीतरी बनावट असल्याची शंका घ्यावी.

कापलेल्या चौकोनावर अनेकदा चिन्ह उरतच नाही, साच्याचा आकार तर जातोच. म्हणून असं पाकीट हाती आलं, तर कात्री लावू नका. झाकणासकट, आहे तसं जपा.