उद्योग आणि भ्रमंती
उद्योग आरंभला की भ्रमंतीचे स्वप्न सोडावे लागते, असा समज आहे. इंग्लंडमधील थॉमस कुकचे उदाहरण याबाबत उद्बोधक ठरते. १८४१ साली त्याने लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे ५०० लोकांना एका शिलिंगात आगगाडीची सहल घडविली. पृथ्वीप्रदक्षिणेस मात्र तो १८७२ साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी निघाला. २२२ दिवसांच्या त्या प्रवासात त्याने हिंदुस्थानही पाहिला. मागे पेढीचा कारभार पुत्र जॉन सांभाळीत होता. सोबत प्रवासी असल्याने कुकची हौस हीच व्यवसायाची पाहणीही ठरली. मालकावाचून जो उद्योग अडतो, तो मालकास उंबरठ्याशी बांधून ठेवतो. म्हणून आरंभीची वर्षे पेढीस द्यावीत, विश्वासू माणसे तयार करावीत. शिदोरी त्यानंतर बांधावी.