थंड कॉफीच्या पेल्यात कॅफीन किती? चव, नाव आणि आकारावरून अंदाज चुकण्याची शक्यता अधिक

नवी दिल्ली : बर्फ, दूध, साखरेचा पाक आणि कॉफी ब्लेंडरमध्ये एकजीव करून वर व्हिप्ड क्रीमचा थर दिलेली थंड कॉफी आता मोठ्या शहरांपुरती मर्यादित राहिलेली नाही. महाविद्यालयीन तरुणांपासून पालकांसोबत आलेल्या शाळकरी मुलांपर्यंत अनेक जण ती मिल्कशेकप्रमाणे पितात. मात्र तिच्यातील कॅफीनचे प्रमाण गोड चवीवरून ओळखता येत नाही. एकाच दुकानातील, एकाच आकाराच्या दोन थंड पेयांत ते शून्यापासून २०० मिलिग्रॅमपर्यंत वेगवेगळे असू शकते.

कॅफीन येते कोठून?

अशा पेयात कॉफी प्रामुख्याने तीन स्वरूपांत मिसळली जाते : ताज्या एस्प्रेसोचा शॉट, आधीच तयार केलेला कॉफीचा अर्क किंवा इन्स्टंट पावडर. कॅफीनचे प्रमाण यावरच अवलंबून असते. पेल्याचा बराचसा भाग बर्फ आणि दुधाने व्यापलेला असतो व त्या दोहोंत कॅफीन नसते. चॉकलेटयुक्त ‘मोका’ प्रकारात कोकोमुळे थोडी भर पडते. कॉफीच्या बियांचा प्रकारही महत्त्वाचा ठरतो; रोबस्टा जातीत अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असते.

आकडे काय सांगतात?

‘स्टारबक्स’ने अमेरिकेत जाहीर केलेल्या माहितीनुसार, ४७३ मिलिलिटरच्या कॉफी फ्रापुचिनोमध्ये सुमारे १०० मिलिग्रॅम कॅफीन असते. त्याच आकाराच्या कोल्ड ब्रूमध्ये ते सुमारे २०५, तर साध्या गरम ब्रू कॉफीत ३१० मिलिग्रॅमच्या आसपास असते. व्हॅनिला किंवा स्ट्रॉबेरीच्या ‘क्रेम’ प्रकारांत कॉफी नसल्याने कॅफीनही नसते, पण दिसायला ही पेये एकसारखीच असतात. देश आणि साखळीनुसार कृती व पेल्याचे आकार बदलत असल्याने हे आकडे केवळ ढोबळ तुलनेसाठी उपयोगी आहेत.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार, १५० मिलिलिटर ब्रू कॉफीत ८० ते १२०, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. म्हणजेच ब्लेंडरमधील मोठी थंड कॉफी ही साधारणपणे एका कप ब्रू कॉफीच्या किंवा दोन कप चहाच्या बरोबरीची ठरते.

पेला मोठा म्हणजे कॅफीन जास्त, हा समजही नेहमी खरा ठरत नाही. याच साखळीच्या गरम लाटेच्या दोन मोठ्या आकारांत एस्प्रेसोचे दोनच शॉट, म्हणजे सुमारे १५० मिलिग्रॅम कॅफीन असते. वाढते ते केवळ दूध.

मर्यादा कोणासाठी किती?

निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंतचे कॅफीन सहसा अपायकारक नसते, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे मत आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने ही मर्यादा ३०० मिलिग्रॅम ठेवली आहे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये गर्भवतींसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली. तर मुलांसाठी शरीराच्या वजनाच्या प्रतिकिलो ३ मिलिग्रॅम हे प्रमाण आधारभूत मानता येईल, असे म्हटले.

या हिशेबाने ३० किलो वजनाच्या मुलासाठी दिवसाची मर्यादा ९० मिलिग्रॅम होते. ती मोठ्या आकाराच्या एकाच थंड कॉफीने ओलांडली जाऊ शकते. त्यात दिवसभरातील चहा, चॉकलेट आणि कोला यांची भर वेगळीच.

झोपेवर परिणाम

मेंदूत थकव्याचा संदेश देणाऱ्या अॅडेनोसिन या रसायनाचे कार्य कॅफीन रोखते, म्हणून तरतरी वाटते. प्रौढ व्यक्तीच्या शरीरातील कॅफीन निम्म्यावर येण्यास सरासरी पाच तास लागतात. गरोदरपणात हा कालावधी बराच वाढतो. सायंकाळी सहा वाजता घेतलेल्या १०० मिलिग्रॅमपैकी सुमारे ५० मिलिग्रॅम रात्री अकरालाही शरीरात असते. निजण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीनमुळे झोप एक तासाहून अधिक घटल्याचे २०१३ मधील एका अमेरिकी अभ्यासात आढळले होते. परीक्षेच्या काळात सायंकाळनंतर थंड कॉफी घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

नियम काय आहेत?

पाण्यावर आधारित कॅफीनयुक्त पेयांसाठी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने प्रतिलिटर १४५ ते ३०० मिलिग्रॅम ही कक्षा ठरवली असून, वेष्टनावर मुले आणि गर्भवतींसाठी इशारा देणे बंधनकारक आहे. काउंटरवर तयार होणारी दुधाळ कॉफी या व्याख्येत बसत नाही. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेन्यूवर पदार्थातील कॅलरी दाखवाव्या लागतात. कॅफीनच्या प्रमाणासाठी मात्र तशी सक्ती नाही.

त्यामुळे ऑर्डर देण्यापूर्वी ग्राहकानेच काही गोष्टी विचारणे श्रेयस्कर : पेयात कॉफी आहे का, एस्प्रेसोचे शॉट किती आणि डिकॅफचा पर्याय मिळेल का? एका जादा शॉटने सुमारे ७५ मिलिग्रॅम कॅफीन वाढते, तर डिकॅफमध्येही ते अल्प प्रमाणात शिल्लक असते. मुलांसाठी कॉफीविरहित प्रकार निवडता येतो. मात्र कॅफीन नसले तरी त्यातील साखर कायम राहते, हेही ध्यानात घ्यायला हवे.