उरलेला सह्याद्री

शाळेत भूगोलाच्या तासाला पर्वतांचे प्रकार आपण सगळ्यांनीच पाठ केले. वली पर्वत, गट पर्वत, ज्वालामुखी पर्वत, अवशिष्ट पर्वत. परीक्षा संपली आणि विसरलोही. पण त्या यादीत आपला सह्याद्री नेमका कुठे बसतो, असे कुणी विचारले तर भलेभले अडखळतात.

हिमालयाचे सोपे आहे. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आशियावर जाऊन धडकला आणि मधल्या समुद्राच्या तळाचा गाळ, सतरंजी रेटावी तसा, घड्या पडून वर आला. एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या चुनखडीत समुद्री जीवांचे अवशेष सापडतात ते त्यामुळेच. सातपुड्याचे निराळे. एका बाजूला नर्मदेची खचलेली दरी, दुसरीकडे तापीची, आणि मधला ठोकळा उंच राहिलेला.

सह्याद्रीला मात्र असे कुणी दुमडले नाही. महाबळेश्वरच्या एखाद्या पॉइंटवर उभे राहा. पश्चिमेला काळजात धस्स व्हावे असा कडा आणि खाली कोकण. आता पाठ फिरवून पूर्वेकडे पाहा. डोंगररांगा आहेत, पण तसा तुटलेला कडा नाही. जमीन हळूहळू उतरत देशावर जाते. कोकणातून जी भिंत दिसते, ती देशावरून नुसता घाटमाथा असते. म्हणजे हा खरे तर पठाराचा तुटलेला काठ!

ते पठार घडले सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा पसरत गेला. थरावर थर. झीज होऊनही आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर तो शिल्लक आहे. दोन उद्रेकांमध्ये शांततेचा काळ गेला, की वरच्या खडकाची लाल माती होई आणि पुढचा लाव्हा तिला झाकून टाकी. घाटात कातळाच्या मधोमध दिसणारा विटकरी पट्टा तोच.

पुढे पश्चिमेकडचा भूभाग तुटला. आज ज्याच्यावर सेशेल्स बेटे आहेत तो तुकडा दूर निघून गेला. उरलेल्या काठावर पाऊस आणि कोकणातल्या आखूड, तीव्र उताराच्या नद्या तुटून पडल्या. काठ कुरतडत पूर्वेकडे मागे सरकत गेला. जमीन थोडीफार उचललीही गेली, पण १६४६ मीटरची कळसूबाई उंच दिसते ती मुख्यतः भोवतालचे वाहून गेले म्हणून. कृष्णेचेच पाहा ना. उगमापासून अरबी समुद्र जेमतेम ६५ किलोमीटर, पण ती जुन्या पठाराचा उतार धरून थेट बंगालच्या उपसागराला जाते.

आपल्या गडकऱ्यांना हा भूगोल पुस्तकाविना कळला होता. टणक थराचा ताशीव कडा झाला, ठिसूळ थराची माची झाली. कड्याने तटाचे काम अर्धे केले, माचीने वस्तीला जागा दिली.

वाडीवस्तीचेही तेच. कड्याखालच्या उतारावर झिजून आलेली माती साठते, भेगांतून मुरलेले पाणी झऱ्याने बाहेर येते. शेतीला माती, प्यायला पाणी. माणूस आणखी कुठे घर बांधणार? पण हीच माती अतिवृष्टीत पाणी पिऊन जड होते, खालच्या खडकावरची तिची पकड सुटते आणि अख्खा उतार निसटतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गेले, दीडशेवर माणसे. २२ जुलै २०२१ ला महाडजवळचे तळिये. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी. इर्शाळगडाचा सुळका हासुद्धा भोवतालचे सारे झिजून गेल्यावर उरलेला कातळच.

पाहणी व्हायची ती अशा प्रत्येक वाडीच्या वरच्या उताराची: भेगा पडल्यात का, झाडे तिरकी झालीत का, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ येते आहे का. जूनच्या आधी, दरवर्षी. कारण सह्याद्रीची कोरणी अजून चालूच आहे.